जानकीच्या डाव्या हाताचा चुडा

मी कासारीण. पनवेलच्या बाजारात आमचं बांगड्यांचं दुकान होतं, पण दुकानात नवरा बसायचा आणि गावं मी करायचे. माझ्या चार यत्ता झाल्या आहेत, तेव्हा लिहिण्यात चुका असतील त्या छापणाऱ्यांनी सुधाराव्यात. जुन्या धंद्याविषयी दिवाळी अंकात लिहा म्हणून मला सांगितलं. जुन्या बांगड्या किती सुंदर असत वगैरे मी लिहिणार नाही. काच ती काच, फुटायचीच. मला लिहायचं आहे ते माणसांच्या बोलण्याविषयी. बांगड्या भरता भरता ते मी भरपूर ऐकलं आहे.

आधी धंदा समजून घ्या. बांगडी घ्यायची ती मनगट बघून नव्हे, पंजा बघून. अंगठा आत दुमडायचा, बोटांची मुळं एकमेकांवर दाबायची आणि मुठीच्या हाडावरून बांगडी सरकवायची. अवघड जागा तेवढीच. तिथे बाईने हात आखडला तर बांगडी तरी मोडते नाहीतर कातडी तरी सोलते. म्हणून आम्ही बाईला बोलतं ठेवतो. माहेर कुठलं, सासू कशी आहे, धाकटा चालायला लागला का. ती उत्तर द्यायला गेली की हात विसरते, हात सैल पडतो आणि बांगडी आत जाते. लोकांना वाटतं कासारणी भोचक असतात. तो भोचकपणा धंद्याचा आहे.

त्यामुळे मला एक गोष्ट कळायला लागली. बाईचा हात आपल्या हातात असताना तिला कुणी काही बोललं, तर ते तिला कुठे लागलं हे आपल्याला आधी समजतं. तोंड हसत असतं. हात हसत नाही.

आणखी दोन रिवाज सांगते, ते पुढे लागतील. बांगडी 'फुटली' असं आम्ही म्हणत नाही, 'वाढली' म्हणतो. आणि सवाष्णीचा हात कासाराने कधी पुरता मोकळा करायचा नाही. जुन्या काढताना एक तरी ठेवायची, नवी चढली की मगच ती उतरवायची. नवऱ्यामागे राहिलेल्या बाईचं आमच्याकडे काहीच काम नसे. तिच्या बांगड्या घरच्या बायका फोडत, त्याला कासार बोलावत नसत, आणि पुढे तिच्या हाताला आमचा हात कधी लागत नसे. हे चांगलं होतं की वाईट ते आता सांगून उपयोग नाही. तसं होतं.

गव्हाणची जानकी माझं जुनं गिऱ्हाईक. नवरा पांडू मिठागरावर कामाला, तीही मिठाच्या पाट्या वाहायची. पाटी डोक्यावर चढवताना बांगड्या आपटायच्या, म्हणून तिच्या सारख्या वाढायच्या आणि मला सारखी हाक यायची. तोंडाने फटकळ, हसायला मोठी. मी दिसले की लांबूनच म्हणायची, "आली गो आली, आमचे हात दाबायला आली."

एका वर्षी गौरीच्या आधी गव्हाणला गेले तर ती ओटीवर बसून होती आणि हाक आली नाही. तिच्या डाव्या छातीत गाठ झाली होती. पाटीचा मार लागला असेल म्हणून तिने ती बरेच दिवस कुणाला सांगितली नाही. पांडूचा भाऊ मुंबईला गोदीत होता, त्याने मोठ्या इस्पितळात नेलं. कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी ती बाजू काढून टाकली, मग विजेचे शेक दिले. सगळे दिवस तिच्यापाशी नणंद राहिली, बायजा. बायजा उरणकडे दिलेली. तिचा नवरा मिठाच्या मचव्यावर होता, मचवा बुडाला आणि तो गेला, तेव्हा बायजा पंचविशीचीही नव्हती. पोर नव्हतं. घरात कुणाचं आजारपण आलं की बायजाला बोलवायचं, असं ठरूनच गेलं होतं. ती यायची, करायची आणि परत जायची. बोलायची कमी.

जानकी घरी आली, पण डावा हात सुजला तो सुजलाच. दंडापासून बोटांपर्यंत. त्या बाजूचं काही काढलं की असं होतं म्हणे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ह्या हाताला ओरखडा उठू द्यायचा नाही आणि काही आवळ बांधायचं नाही. बांगड्या इस्पितळातच कापून काढल्या होत्या. उजव्या हातात बांगड्या आणि डावा रिकामा, अशी ती बसायची.

मी तिच्या उजव्या हातात बांगड्या भरायला बसायचे आणि भेटायला आलेल्यांचं बोलणं कानावर पडायचं. ते इथे लिहिते, म्हणजे कुणी आजाऱ्याला भेटायला जाणार असेल तर वाचून जाईल.

एक म्हणाली, माझ्या आतेला हेच झालं होतं, शिमग्याला कळलं आणि पाऊस पडायच्या आत गेली. दुसरी म्हणाली, पोरीला पाजायला तू आळस केलास, दूध आत राहिलं, त्याची गाठ झाली. तिसरीने विचारलं, आता पांडू तुझ्याजवळ येतो का. हे तिने सगळ्यांसमोर विचारलं. एक म्हातारा शेजारी रोज येऊन सांगायचा की हा रोग मागच्या जन्मीचा असतो, तो डॉक्टरला काय कळणार. काही बायका ओटीच्या खालीच उभ्या राहत, मूल कडेवर असलं तर ते दुसऱ्या बाजूला घेत, आणि तिथूनच म्हणत की रंग किती सुधारला गो तुझा. तिच्या घरचा चहा कुणी पीत नसे.

जानकी सगळ्यांना हसून उत्तरं द्यायची. माझ्या हातातला तिचा हात मात्र लाकडासारखा व्हायचा. एरवी तीन बांगड्या चढवायच्या वेळात मी एक चढवायचे. तिला बोलतं ठेवावं तर विचारायचं काय? माझ्याकडे होते ते सगळे प्रश्न लोकांनी खराब करून टाकले होते. मी गप्प राहून बांगड्या भरायला शिकले ती जानकीच्या हातावर.

त्यातल्या बहुतेकींच्या मनात वाईट नव्हतं. त्यांना भीती वाटत होती आणि भीती वाटली की माणूस काहीतरी बोलतं. पण ऐकणाऱ्याला त्याचा काय उपयोग.

पुढच्या वैशाखात तिच्या मुलीचं, हिराचं लग्न ठरलं. त्याच्या आधी जानकी बाजाराच्या दिवशी पनवेलला आली, पांडूला बाहेर उभा केला आणि मला म्हणाली, "ह्या हातात चुडा भरशील का?"

आमच्या भागात लग्नाच्या आधी कासारणीला मांडवात बसवतात आणि घरच्या, भावकीतल्या सगळ्या बायकांना हिरवा चुडा भरतात. आधी नवरी, मग तिची आई, मग बाकीच्या. मी जानकीला सरळ नाही म्हटलं. डॉक्टरांनी सांगितलंय ना, म्हटलं.

ती म्हणाली, "एक हात रिकामा घेऊन मांडवात बसले तर दिवसभर ज्याला त्याला त्याचंच सांगत बसायला लागंल. पोरीच्या लग्नात मला पोरीची आय म्हनून बसायचं हाय. एक दिवस कोनी काय इचारायला नको. तेवढंच पायजे मला."

मी हो म्हटलं. आज कुणी मला त्यावरून बोललं तर ऐकून घेणार नाही. तिने पुन्हा विचारलं तर पुन्हा हो म्हणेन.

मुंबईच्या व्यापाऱ्याकडून मी सगळ्यात मोठ्या, तीनाच्या मापाच्या बांगड्या मागवल्या. ते माप मी कधी कुणाला भरलं नव्हतं. दिवस भरलेल्या बायकांचे हात सुजतात, त्यांना आम्ही सकाळीच भरतो, कारण रात्रभराच्या आरामाने सूज उतरलेली असते. जानकीला सांगितलं की आदल्या रात्री हात उशांवर उंच ठेवून झोप आणि उठल्यावर त्या हाताने तांब्यासुद्धा उचलू नकोस.

चुड्याच्या सकाळी मांडव भरला होता. हिराला भरलं, ती पाया पडली. मग जानकी समोर बसली. उजवा हात पटकन झाला. डावा हात मी मांडीवर घेतला तशा बायका पुढे सरकल्या. बायजा मागे, मांडवाच्या खांबाजवळ बसली होती. तिच्यासारख्या बायकांनी तिथेच बसायचं असे. हात चांगला उतरला होता. पहिली बांगडी गेली, दुसरी गेली, तिसरीही गेली. जानकीच्या तोंडावर जुनं हसू आलं. मला म्हणाली, दाब गो, घाबरतेस काय. चौथी मी हाडावर आणली होती.

तेवढ्यात मागून बायजा बोलली. "नशीबवान हायस वयनी. भरल्या हातानं जाशील. आमच्यावानी रिकामं जानं नाय तुझ्या कपाळी."

चारचौघी लगेच म्हणाल्या, खरं हाय, खरं हाय.

असं बोलणं मी आधी मांडवात ऐकलं नव्हतं असं नाही. नवऱ्याच्या आधी, बांगड्या ल्यालेल्या हाताने मरण यावं, हा तर आमच्याकडचा आशीर्वाद. मी स्वतः हजार बायकांना तो दिला आहे, त्यावरच माझं पोट होतं. बायजाने तोच दिला. तिला स्वतःला जे मिळालं नाही ते तिने मोठ्या मनाने दुसरीला दिलं. पण जी बाई ह्या दुखण्यातून उठणार नाही, खरंच जाणार आहे, तिला तो मांडवात दिला. आणि सकाळपासून 'जाणार' हा शब्द कुणी काढला नव्हता.

जानकीचा हात मुठीसारखा मिटला. बांगडी हाडावर अडकली. ती पुढे जाईना आणि मागेही येईना. मोडली तर काच कातडीत जाणार. शिवाय चुड्याच्या दिवशी नवरीच्या आईची बांगडी वाढली असती तर अपशकुन म्हणून त्याचं नाव पुढे आयुष्यभर निघालं असतं. बायकांनी सल्ले सुरू केले. कुणी तेल म्हणाली, कुणी साबण. एक म्हणाली, आधीच सांगत होतो, असल्या हाताला कशाला हौस. मी जानकीकडे बघून हळूच म्हटलं, हात सोड. तिचा हात तिचंही ऐकत नव्हता.

मागून बायजा उठली. "त्या हाताला ओढून चालत नाय. खालून वर चोळायला लागतं. मी दाखवते," असं म्हणत ती पुढे आली. इस्पितळात तिनेच तो हात रोज चोळला होता, त्या हाताची माहिती तिला होती. जानकीच्या चुलत सासूने तिला अडवलं. म्हणाली, बायजा, तू चुड्याला हात लावू नको.

सगळ्यांनी जानकीकडे पाहिलं. तिच्या मुलीचं लग्न, तिचा हात. तिने "येऊ दे" एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. ती मान वळवून हिराकडे बघत राहिली.

बायजा परत खांबाजवळ गेली. मग तिथूनच मांडवाबाहेर निघून गेली.

मी तो हात धरून नुसती बसून राहिले. बऱ्याच वेळाने हात थकला आणि आपोआप सैल पडला, तेव्हा बांगडी गेली. पुढच्याही गेल्या. दोन्ही हात हिरवेगार झाले.

जानकीला तिचा एक दिवस मिळाला, हे मात्र सांगायला पाहिजे. लग्न लागलं, तिने दोन्ही हातांनी अक्षता टाकल्या, विहिणीच्या पुढ्यात बसली, जेवणाला आग्रह केला. नव्या माणसांनी काही विचारलं नाही. पाठवणीच्या वेळी ती बायजाला शोधत होती. बायजा न जेवता उरणला गेली होती.

लग्नाला महिना व्हायच्या आत पांडू दुकानात आला. म्हणाला, चल, बांगड्या बघ. मी त्याच्याबरोबर गेले. हात पुन्हा फुगला होता आणि बांगड्या मांसात शिरल्या होत्या. मधली कातडी लाल, चकचकीत. ताप होता. पनवेलच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की आजच्या आज काढा, नाहीतर हात सडेल. पण लग्नातला हिरवा चुडा सव्वा महिना उतरवायचा नाही, असं तिथे मानत. आणि इथे तर फोडायचाच होता. नवरा समोर उभा असताना, मुलगी नुकती सासरी गेली असताना. घरातली एकही बाई हात लावायला तयार नव्हती. पांडूने विळा घेतला तर जानकी त्याच्यावर ओरडली. तिने मला विचारलं, तू काढतेस का.

मी काढू शकत नव्हते. नवी बांगडी त्या हातात चढणार नव्हती, आणि नवी चढल्याशिवाय सवाष्णीचा हात मोकळा करायचा नाही, असं माझ्या सासूने मला शिकवलं होतं. तिला तिच्या सासूने. मी फडकं भिजवलं, हात मांडीवर घेतला, आणि तशीच बसले.

मग जानकीच म्हणाली, "बायजाला बोलाव."

पांडू उरणच्या गाडीने गेला आणि दुपारपर्यंत तिला घेऊन आला. बायजा आत आली. हात बघितला. वयनी कशी आहेस वगैरे काही विचारलं नाही. मला म्हणाली, सरक. मग सांगितलं की फडकं तू धर.

बांगडी मोडायची ती ओल्या फडक्यातून, दोन्ही अंगठ्यांनी बाहेरच्या अंगाला दाबून, म्हणजे टोक आत वळत नाही. ते मी तिला सांगितलं. बाकी सगळं तिने केलं. दारात जमलेल्या बायकांपैकी चुलत सासू म्हणाली, अगो, तिचा नवरा जिता हाय.

बायजाने मान वर केली नाही. ती जानकीशीच बोलली. "माझ्या फोडल्या तवा दगडावर हात ठेवून फोडल्या. ह्या काकीनंच धरलेला माझा हात. तुझ्या मी हळू काढते. माझं आता कोन काय वाकडं करनार?"

एकेक करून तिने सगळ्या मोडल्या. एक ओरखडा उठू दिला नाही. मी काचा गोळा केल्या. मग तिने तो हात आपल्या खांद्यावर टेकवून उंच धरला आणि खालून वर चोळत राहिली. जानकीने डोळे मिटले. लग्नातलं कुणी काढलं नाही, माफी कुणी मागितली नाही.

बायजा त्या दिवसापासून गव्हाणलाच राहिली. हात वाचला. जानकी भातं कापायच्या दिवसांत गेली. रिवाजाप्रमाणे सवाष्ण गेली म्हणून मला बोलावलं. मी उजव्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या. डाव्यात चढण्यासारख्या नव्हत्या. बायजाने लुगड्याचा पदर त्या हातावर ओढला, आणि बायका म्हणत राहिल्या की भरल्या हाताने गेली, नशीब काढलं.

बायजा मला रस्त्यापर्यंत पोचवायला आली. गाडीला उशीर होता. आम्ही दोघी बांधावर बसलो. ती म्हणाली, "कासारनी, तू गावोगाव फिरतेस. एवढ्या बायका बगतेस. तिला लग्नात मी काय बोलायला पायजे होतं?"

मी विचार केला. म्हटलं, काहीच बोलायला नको होतं.

"इस्पितळात मी कायच बोलत नव्हते," बायजा म्हणाली. "रोज हात चोळायचे नि गप बसायचे. तिनंच मला एकदा सांगितलं, बायजा, तू कदी कायतरी बोल गो."